अयूब खान यांची दहा वर्षं, आणि पूर्व पाकिस्तान हातचा कसा गेला

निंबोणी (धागाकर्ता)

बांगलादेशचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट बहुधा २५ मार्च १९७१ पासून सुरू होते. पाकिस्तानचे लष्करशहा याह्या खान, ढाक्यातली लष्करी कारवाईची ती रात्र, निर्वासितांचे लोंढे, मग डिसेंबरमधली शरणागती. बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता, आणि याह्यांच्या आधी १९५८ ते १९६९ पाकिस्तानवर राज्य केलेले जनरल अयूब खान यात कुठेच नसतात. ते १९६५ च्या युद्धापुरते येतात आणि ताश्कंदनंतर दिसेनासे होतात. अलीकडे त्यांच्या राजवटीबद्दल बरंच वाचून झालं आणि माझं मत पक्कं झालं: याह्यांनी रक्तपात केला तो नातं तुटल्यानंतर, आणि ते तुटलं अयूब यांच्या काळात. तेच इथे मांडतो. विरोधी मतंही जरूर यावीत.

आधी माणसाविषयी. १४ मे १९०७ रोजी हजारा भागातल्या रेहाना गावी जन्म. वडील ब्रिटिश फौजेत रिसालदार मेजर. अलीगढला शिकत असताना सँडहर्स्टला निवड झाली, १९२८ मध्ये कमिशन मिळालं, दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. फाळणीनंतर लगेच, १९४८ मध्ये, त्यांना ढाक्याला पाठवलं गेलं, पूर्वेकडच्या फौजेचे प्रमुख म्हणून. तेव्हा बंगाल त्यांना अनोळखी होता असं म्हणायची सोय नाही. जानेवारी १९५१ मध्ये जनरल ग्रेसी यांच्याकडून सूत्रं घेऊन ते पहिले पाकिस्तानी सरसेनापती झाले. त्या जागेसाठी आधी जनरल इफ्तिखार खान यांचं नाव होतं, पण ते १९४९ मध्ये विमान अपघातात गेले.

पुढची सात वर्षं त्यांनी राजकारण्यांची भांडणं अगदी जवळून पाहिली. १९५४ मध्ये तर सरसेनापतीपद न सोडताच ते संरक्षणमंत्री झाले. १९४७ ते १९५८ या अकरा वर्षांत पाकिस्तानात सात पंतप्रधान झाले. सप्टेंबर १९५८ मध्ये पूर्व पाकिस्तानच्या विधानसभेत अशी हाणामारी झाली की उपसभापती शाहेद अली जखमी होऊन वारले. गोंधळ होता, याबद्दल दुमत नाही. ७ ऑक्टोबर १९५८ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द केली, लष्करी कायदा लावला आणि अयूब यांना त्याचे मुख्य प्रशासक नेमलं. २७ ऑक्टोबरच्या रात्री तीन जनरल मिर्झांच्या घरी गेले आणि राजीनाम्यावर त्यांची सही घेतली. मिर्झांची रवानगी लंडनला झाली, तिथेच ते १९६९ मध्ये वारले.

या सगळ्यात एक गोष्ट नेहमी मागे पडते. १९५९ च्या सुरुवातीला देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. लोकसंख्येत निम्म्याहून जास्त माणसं पूर्वेत, आणि जागा समसमान वाटल्या तरी बंगाली पुढाऱ्यांना डावलून सरकार बनवणं कुणालाही जड गेलं असतं. ती निवडणूक झालीच नाही. प्रौढ मतदानाने देशव्यापी निवडणूक व्हायला डिसेंबर १९७० उजाडावं लागलं, आणि तिच्या निकालावरूनच देश फुटला.

निवडणुकीच्या जागी अयूब यांनी ‘मूलभूत लोकशाही’ आणली. गावपातळीवर लोकांनी ८० हजार प्रतिनिधी निवडायचे, दोन्ही भागांत ४०-४० हजार, आणि राष्ट्राध्यक्ष व प्रतिनिधीगृह त्या ८० हजारांनी निवडायचं. फेब्रुवारी १९६० मध्ये याच प्रतिनिधींकडून विश्वासमत घेतलं गेलं, समोर उमेदवारच नव्हता, ९५ टक्क्यांहून जास्त मतं अयूब यांना. १९६२ ची राज्यघटना त्यांनी स्वतः देशाला दिली आणि सगळी सूत्रं राष्ट्राध्यक्षाकडे ठेवली. ८० हजार माणसं तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली ठेवता येतात. गावच्या रस्त्याचा, विहिरीचा पैसा त्यांच्याच हातून खर्च होत होता, त्यामुळे सरकारशी वाकडं घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. ढाक्यातल्या वकिलाला, प्राध्यापकाला, चितगावच्या बंदरातल्या कामगाराला मात्र देशाचा प्रमुख निवडण्यात थेट वाटा उरला नाही.

आता पूर्वेच्या बाजूने पाहा. राजधानी आधी कराची, मग रावळपिंडी, मग नवीन बांधायला घेतलेलं इस्लामाबाद. फौजेची मुख्यालयं पश्चिमेत, फौजेत बंगाली अधिकारी अगदी थोडे. परकीय चलन मिळवून देणारा मोठा माल म्हणजे पूर्वेचा ताग, आणि कारखाने मात्र कराची-लाहोरकडे. १९५९-६० मध्ये पश्चिमेचं दरडोई उत्पन्न पूर्वेपेक्षा ३२ टक्क्यांनी जास्त होतं; १९६९-७० मध्ये हीच तफावत ६१ टक्क्यांवर गेली. हे पाकिस्तानच्याच नियोजनकारांचे आकडे आहेत.

पैशाइतकाच राग भाषेचा आणि मानाचा होता. १९६१ मध्ये रवींद्रनाथांची जन्मशताब्दी आली तेव्हा सरकारची नाराजी पत्करून ढाक्यातल्या लोकांनी ती साजरी केली, आणि त्यातूनच ‘छायानट’ ही संस्था उभी राहिली. १९६७ च्या जूनमध्ये माहितीमंत्र्यांनी प्रतिनिधीगृहात सांगितलं की देशाच्या विचाराशी न जुळणारी रवींद्रगीतं रेडिओवरून लागणार नाहीत. त्याच वर्षी छायानटने रमना मैदानातल्या झाडाखाली बंगाली नववर्षाचा पहाटेचा कार्यक्रम सुरू केला होता. तो आजही होतो.

१९६५ च्या युद्धाने उरलासुरला विश्वास गेला. पूर्वेत पायदळाची एकच डिव्हिजन होती. पूर्वेचं रक्षण पश्चिमेच्या रणांगणावर होतं, असं रावळपिंडीचं म्हणणं. भारताने तिकडे आघाडी उघडली नाही म्हणून ते निभावलं, पण सतरा दिवस ढाका जगापासून तुटलेलं होतं. पाच महिन्यांत, फेब्रुवारी १९६६ मध्ये, पूर्वेतल्या अवामी लीगचे पुढारी शेख मुजीब यांनी लाहोरला जाऊन सहा मागण्या मांडल्या. त्यात वेगळ्या चलनाची किंवा निदान भांडवल पश्चिमेला जाऊ नये अशा व्यवस्थेची मागणी होती, आणि पूर्वेच्या स्वतःच्या निमलष्करी दलाचीही. वर लिहिलेलं सगळं डोळ्यांपुढे ठेवून या मागण्या वाचल्या तर त्यातली एकही आकाशातून पडलेली वाटत नाही. अयूब यांनी मुजीबना तुरुंगात टाकलं आणि १९६८ च्या जानेवारीत आगरतळा खटल्यात (आरोप असा की भारताच्या मदतीने पूर्व पाकिस्तान तोडण्याचा कट केला) ३५ आरोपींमध्ये पहिलं नाव त्यांचं घातलं. एका पक्षाचा पुढारी या खटल्याने सगळ्या बंगालचा पुढारी झाला.

---

रोखठोक

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एका बाजूचा झाला. अयूब यांच्या काळात पाकिस्तानची अर्थव्यवस्था वर्षाला पाच टक्क्यांहून अधिक वेगाने वाढली, त्या काळी आपण खूप मागे होतो. मंगला धरण झालं, तरबेलाची तयारी झाली, मेक्सिकन गव्हाने पंजाबचं शिवार बदललं, कराचीच्या निर्वासितांसाठी कोरंगीची वसाहत काही महिन्यांत उभी राहिली. १९६० मध्ये सिंधू पाणीवाटपाचा करार त्यांनी नेहरूंबरोबर कराचीत केला आणि तो पुढे तीन युद्धांत टिकला. मोडकळीला आलेला देश कुणीतरी हातात घ्यायला हवा होता. आजही पाकिस्तानात ट्रकच्या मागे अयूब यांचं चित्र दिसतं, खाली ‘तू गेल्यावर तुझी आठवण आली’ अशा अर्थाची ओळ. सामान्य ट्रकवाला उगाच रंगवून घेत नाही.

---

निंबोणी

रोखठोक, तुम्ही लिहिलेली सगळी कामं खरी आहेत आणि मी ती नाकारत नाही. सिंधू करार तर मी त्यांच्या सर्वांत मोठ्या कामांत धरतो. तीन पूर्वेकडच्या नद्या आपल्याला देणं हे त्यांच्या पंजाबात लोकप्रिय होणारं नव्हतं, निवडून आलेल्या पुढाऱ्याला ते कदाचित जमलंही नसतं.

पण वाढ झाली ती कुणाच्या घरात गेली हेही बघावं लागेल. एप्रिल १९६८ मध्ये नियोजन आयोगाचे मुख्य अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी कराचीत भाषण केलं. २२ कुटुंबांच्या हाती देशाचे दोन तृतीयांश उद्योग आणि ८० टक्के बँकिंग आहे, असं त्यांनी सांगितलं. हा माणूस सरकारचा, योजना बनवणारा. त्याच वर्षी सरकार ‘विकासाचं दशक’ साजरं करत होतं. वर्तमानपत्रांत पुरवण्या, रेल्वेगाड्यांवर कमानी, आणि बाजारात साखर मिळेना. नोव्हेंबर १९६८ मध्ये रावळपिंडीत पोलिसांच्या गोळीने एक विद्यार्थी मेला आणि आंदोलन पेटलं. ते पेटलं पश्चिमेत, अयूब यांच्या स्वतःच्या दारात. ट्रकवरची चित्रंही पश्चिमेतलीच, बांगलादेशात असा एकही ट्रक कुणी दाखवावा.

---

दूरदेशी

मी ब्रॅडफर्डला राहते. मंगला धरणाचा उल्लेख आला म्हणून लिहिते.

इथे माझ्या शेजारी आणि कामावर मीरपूरची माणसं कितीतरी आहेत. मंगला धरणाखाली जुनं मीरपूर शहर आणि आसपासची शेकडो गावं गेली, लाखाहून अधिक माणसं उठली. त्यातल्या पुष्कळांना इंग्लंडमध्ये कामाचे परवाने मिळाले आणि ती यॉर्कशायरच्या कापड गिरण्यांत आली. आधी जहाजावर काम करणारे काहीजण होतेच, धरणाने मग गावंच्या गावं आणली. माझ्या शेजारच्या आजी सांगतात की हिवाळ्यात जलाशय उतरला की जुन्या शहराचे अवशेष वर येतात, दर्गे आणि देवळाचं शिखरसुद्धा, आणि लोक आपल्या माणसांच्या कबरीवर दुवा मागायला जातात. त्या अयूब यांच्याबद्दल वाईट बोलत नाहीत. ‘नातवंडं शिकली,’ एवढंच म्हणतात. पण वीज आणि पाणी खाली पंजाबला गेलं आणि मीरपूरला त्यातलं कमी आलं, हा राग त्यांच्या मुलांच्या पिढीत पक्का आहे.

---

ओवीबद्ध

दूरदेशी ताई, फार चांगली माहिती.

मला कायद्याच्या बाजूने एक भर घालायची आहे, कारण अयूब यांच्या बाजूने सर्वांत भक्कम मुद्दा मला तिथे दिसतो. १९६१ चा मुस्लिम कुटुंब कायदा. लग्नाची नोंदणी सक्तीची, मुलीचं लग्नाचं वय १६, दुसरं लग्न करायचं तर लवाद मंडळाची परवानगी, तलाक दिला की नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं, वडील आधी वारलेल्या नातवंडांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा. उलेमांनी जोरदार विरोध केला, अयूब मागे हटले नाहीत. हा कायदा थोड्याफार फरकाने पाकिस्तानात आणि बांगलादेशातही अजून चालतो. कौटुंबिक कायद्याची वकिली करताना मला त्याचं महत्त्व रोज जाणवतं.

आणि याच माणसाविरुद्ध १९६५ च्या निवडणुकीत उभी राहिली ती एक स्त्री. महंमद अली जिनांच्या बहीण फातिमा जिना तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या होत्या. पांढरे कपडे, कंदील ही निशाणी, आणि पूर्व पाकिस्तानात रेल्वेने जाताना स्टेशनास्टेशनांवर लोक रात्रभर थांबलेले. जमात-ए-इस्लामीनेही स्त्री उमेदवाराला पाठिंबा दिला. स्त्रियांसाठी कायदा करणाऱ्या सरकारने मग प्रचारात मौलवींचे फतवे वापरले की स्त्री राष्ट्रप्रमुख होऊ शकत नाही. मला याचा आजही संताप येतो. निकाल सुमारे ५० हजार विरुद्ध २९ हजार असा लागला, त्या ८० हजार मतदारांत. ढाका आणि कराची मात्र फातिमांबरोबर गेली. अयूब यांच्या विजयाच्या मिरवणुकीनंतर कराचीत गोळीबार झाला, माणसं मेली.

---

अप्पा_गिरगाव

ओवीबद्ध ताईंचा प्रतिसाद फार आवडला.

मी ६५ साली शाळेत होतो. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, भोंगा वाजला की दिवे बंद. घरात रेडिओभोवती सगळी चाळ जमायची. त्या वेळी अभिमान वेगळाच होता, कारण संरक्षणमंत्री आपले यशवंतराव. पाकिस्तानने १ सप्टेंबरला छांब-अखनूरकडे रणगाडे घातले आणि त्या संध्याकाळी हवाई दल वापरायची परवानगी चव्हाणांनी तिथल्या तिथे दिली. ६ तारखेला आपली फौज लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडून गेली. अयूब आणि त्यांच्या सल्लागारांनी, विशेषतः परराष्ट्रमंत्री भुट्टोंनी, हिशोब असा केला होता की काश्मीरमध्ये काहीही केलं तरी भारत आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडणार नाही. एवढा अनुभवी सेनापती असा हिशोब मान्य करतो, याचं मला नवल वाटत आलंय. कच्छच्या रणात एप्रिलमध्ये जी चकमक झाली तिने त्यांचा फाजील आत्मविश्वास वाढला असावा.

ताश्कंदलाही चव्हाण शास्त्रीजींबरोबर होते. १० जानेवारीला करार झाला, त्याच रात्री शास्त्रीजी गेले. सकाळी शवपेटीला खांदा देणाऱ्यांत सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन होते आणि अयूबही होते. तो फोटो मी वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. शत्रू असला तरी माणूस म्हणून त्या क्षणी त्यांनी जे केलं त्याचा मला आदर आहे.

निंबोणी, एक विचारतो. छांबच्या लढाईत मधेच जनरल अख्तर मलिक यांना बदलून याह्यांकडे सूत्रं दिली गेली. म्हणजे याह्यांवर त्यांचा भरवसा तेव्हापासूनचा?

---

निंबोणी

अप्पा, हो, आणि माझा मुख्य मुद्दा त्यातच आहे. अयूब यांनी स्वतःभोवती जी माणसं ठेवली ती त्यांना प्रश्न न विचारणारी. भुट्टोंना तिसाव्या वर्षी मंत्री केलं, ते १९६६ मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी लाहोरला स्वतःचा पक्ष काढून त्यांच्यावर उलटले. याह्यांना १९६६ मध्ये सरसेनापती केलं.

१९६८ च्या सुरुवातीला अयूब फार आजारी पडले. त्यांच्याच घटनेप्रमाणे अशा वेळी काम प्रतिनिधीगृहाच्या सभापतींकडे जायला हवं होतं. तसं झालं नाही, आजार लपवला गेला. पुढे १९६९ च्या हिवाळ्यात ढाका पेटलं. २० जानेवारीला विद्यार्थी नेता असद पोलिसांच्या गोळीने गेला. १५ फेब्रुवारीला आगरतळा खटल्यातले सार्जंट झहुरुल हक छावणीत कैदेत असताना मारले गेले. १८ ला राजशाही विद्यापीठात विद्यार्थ्यांना वाचवायला मध्ये पडलेले प्राध्यापक शम्सुझ्झोहा मारले गेले. २१ ला अयूब यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नाही असं जाहीर केलं, २२ ला खटला मागे घेतला. विरोधकांशी गोलमेज चर्चा झाली, प्रौढ मतदान आणि संसदीय पद्धत त्यांनी मान्यही केली. अकरा वर्षं उशिरा.

आणि २५ मार्च १९६९ ला राजीनामा देताना सत्ता सभापतींकडे न देता याह्यांकडे दिली. सभापती होते अब्दुल जब्बार खान, बारिसालचे, बंगाली. त्यांचा मुलगा राशेद खान मेनन तेव्हा अयूबविरोधी विद्यार्थी चळवळीतला मोठा नेता होता. पूर्वेचा एक बंगाली माणूस घटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्ष होऊ शकत होता, तेही नेमक्या त्या वेळी जेव्हा ढाका रस्त्यावर होतं. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, याह्यांची फौज ढाक्यात उतरली.

---

रोखठोक

धरणं आणि कायदे यांबद्दल माझं मत कायम आहे. पण सभापतींना डावलण्याचं समर्थन मला करता येणार नाही. जी घटना स्वतः लिहिली ती शेवटच्या दिवशी तरी पाळायला हवी होती. याह्या तेव्हा लष्करी कायदा लावायलाच निघाले होते, अयूब यांच्या हातात किती उरलं होतं, हाही प्रश्न आहे.

---

खडूफळा

इतिहास शिकवतो म्हणून विचारतो. पूर्वेत चांगलं काम केलेला पश्चिमेचा एकही माणूस नव्हता का? मुलांना सांगायला एखादं उदाहरण हवं असतं.

---

निंबोणी

खडूफळा सर, होता. जनरल अझम खान. मिर्झांची सही घ्यायला गेलेल्या तिघांपैकी एक, आणि रोखठोक यांनी लिहिलेली कोरंगीची वसाहत त्यांनीच उभी केली. १९६० मध्ये ते पूर्व पाकिस्तानचे राज्यपाल म्हणून ढाक्याला गेले. चक्रीवादळानंतर किनाऱ्यावरच्या गावांत स्वतः फिरले, लोकांत मिसळले, आणि पठाण असूनही बंगाली लोकांनी त्यांना आपलं मानलं. १९६२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं तेव्हा निरोपाला ढाक्यात प्रचंड गर्दी झाली. त्यांच्या जागी काही महिन्यांत मोनेम खान आले, बंगालीच, पण रावळपिंडीच्या शब्दाबाहेर न जाणारे, आणि ते सहा वर्षांहून जास्त राहिले. अझम खान १९६५ मध्ये अयूब यांच्या विरोधात फातिमा जिनांच्या प्रचारात उतरले. ओवीबद्ध ताईंनी लिहिलेल्या त्या रेल्वे दौऱ्यात तेही बरोबर होते.

पूर्वेला काय हवं होतं हे अयूब यांना सांगणारा माणूस त्यांच्याच फौजेतला, त्यांच्याच उठावातला सहकारी होता. त्याला त्यांनी दोन वर्षांत परत बोलावलं. अझम खानांवर वेगळा धागा काढतो, इथे पुरणार नाही.